खंडेरावांचा फळा आणि बोंबलाची चकती

शेजाऱ्याचं बरं झालं की तुमच्या पोटात दुखतं का? खरं सांगा, इथं ऐकायला दुसरं कोणी नाही. शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून दुखतं असं मी म्हणत नाही. गाडी हप्त्यावर कोणीही आणतो. पण जी गोष्ट तुम्ही वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलात, ती समोर बसणाऱ्या बाईने तोंडातून एक शब्द न काढता करून दाखवली, तर? तेव्हा जी कळ उठते ती वेगळी. त्या कळेवर ओवा चालत नाही.

खंडेरावांना ती कळ बोईसरला स्टेशन रोडवर, भर बाजारात उठली.

खंडेराव म्हणजे चावीवाले खंडेराव. मूळचे औशाकडचे, लातूर जिल्ह्यातले. तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लागले तेव्हा मिशी काळी होती. कंपनी सोडली तेव्हा ती पांढरी झाली होती आणि नखं निळी. सोडली म्हणजे सुपरवायझरला म्हणाले, "ओव्हरटाइमचे पैसे देत नसाल तर माझे हातपण मागू नका," आणि गेटमधून जे बाहेर पडले ते पडलेच. मग एक हातगाडी, तिच्यावर चाव्या कापायचं मशीन, कानशी, आणि तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या. गाडीच्या बाजूला एक फळा.

चावी हा त्यांचा धंदा होता. जीव होता फळ्यात.

रोज सकाळी खडूने त्यावर मजकूर लिहायचे. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं सगळं रद्दीतल्या पेपरांतून आणि मोबाईलवर ऐकून शिकलेले. पण लिहायचे कसं? "महागाई म्हणजे न विचारता घेतलेला कर." "तुमचा पगार तुमच्या मालकाने कमी केला तर तुम्ही संप करता. नोटा छापून सरकारने कमी केला तर तुम्ही टाळ्या वाजवता." "मुंबईत बंद खोलीत सहा माणसं बसतात आणि पैशाचं भाडं, म्हणजे व्याज, ठरवतात. टोमॅटोचा भाव असा सहा जणांनी ठरवला तर चालेल का?"

कोणी थांबलं की समजावून सांगायचे. "हे बगा, मी डुप्लिकेट चावी करतो, पण आधी विचारतो, घर कोणाचं? वरचे डुप्लिकेट पैसे करतात, ते कोणाला विचारतात?" नवीन नोट कुठून कशी फिरते हेही त्यांना पाठ होतं. "पाण्याच्या टँकरगत आहे सगळं. पुढं उभा राहतो त्याचे ड्रम भरतात. रेशनकार्ड घेऊन मागं उभा राहणाऱ्याला चिखल मिळतो. नवा पैसा आधी बँकेला, मग बड्या कारखानदाराला, मग ठेकेदाराला. तुमच्यापर्यंत येईस्तोवर भाव चढलेले."

यात खोटं काय आहे? काही नाही. हे मीही म्हणतो, आणि ज्याला पटत नाही त्याने दहा वर्षांपूर्वीचं किराण्याचं बिल काढून बघावं.

पण लोक वाचायचे, हसायचे, "बरोबर आहे काका" म्हणायचे, आणि चावी घेऊन शिफ्टची बस पकडायचे.

एकदा खंडेरावांनी स्वतःचा पैसा काढला. पालघरच्या एका प्रेसमधून नोटा छापून घेतल्या, नाव 'श्रमनोट'. एक नोट म्हणजे एक तासाचं काम. मध्यभागी स्वतःचा फोटो, फेटा बांधलेला. न्हाव्याने एक घेतली, तीही खंडेरावांची दाढी अर्धी झाली होती म्हणून. "काका, ही मी कोणाला देऊ?" त्याने विचारलं. "लोक घेतील." "लोक म्हणजे कोण?" खंडेरावांनी दुसरा गाल पुढे केला. उरलेला गठ्ठा सोजराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पापडांमध्ये घालायला काढला. कागद जाड होता, कामाला आला.

आता मंजुळा.

मंजुळा घिवलीची. अणुऊर्जा केंद्राच्या पलीकडचं ते किनाऱ्यावरचं गाव. नवरा पुंडलिक बोटीवर, ही मासळी सुकवणार आणि विकणार. रिक्षात टोपल्या टाकून बोईसरला यायची आणि खंडेरावांच्या गाडीच्या बरोबर समोर बसायची. बोंबील, जवळा, सुकट. वास असा, की फळा वाचायला थांबलेला माणूस नाक दाबून पुढे सरकायचा. खंडेराव तेव्हापासूनच तिच्यावर खार खाऊन होते, पण तो साधा शेजारचा राग होता. मत्सर पुढे आला.

किनाऱ्यावर पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवतात. त्याला आगोट म्हणतात. पाऊस सुरू झाला की बोटी वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी मिळत नाही, सुक्याचा भाव दुप्पट होतो. शहाणा माणूस वैशाखातच घेऊन ठेवतो. पण बोईसरच्या चाळीतल्या भाड्याच्या खोलीत भरून कुठे ठेवणार? भिंतींना ओल, वर पत्रा, आणि घरमालक वासाने कावलेला. ओल लागली की आठवड्यात बोंबलात अळ्या.

सोजराबाईंनीच ही अडचण मंजुळाला सांगितली.

"मंजुळाबाई, मला घ्यायचं तर हाय गं, पर ठिवू कुठं? खोलीत माणसंच मावंनात."

"बाय, मंग माझ्या माळ्यावर ऱ्हाऊ दे की," मंजुळा म्हणाली. "खाली चूल हाय, धूर लागतो, ओल नाय धरत. पैसे आता दे, लागंल तशी जुडी ने."

"आन् तू इसरलीस तर?"

मंजुळाने टोपलीतून एक पांढरी चकती काढली. जाळं तरंगत राहावं म्हणून त्याला बोये बांधतात ना, त्या जुन्या बोयाची कापलेली चकती. तिच्यावर तापल्या सळईने डागलेली खूण होती. मधोमध भोक, खाली दोन तिरक्या रेघा. ती पुंडलिकच्या घराची खूण. घिवलीत प्रत्येक घराच्या जाळ्याला अशी आपली खूण असते. वादळात जाळं तुटून दुसऱ्याच्या दारात लागलं तर खूण बघून ज्याचं त्याला परत जातं. कोणी ठेवून घेत नाही. ठेवलं तर त्याच्या पोराला गावात मुलगी मिळत नाही. या कायद्याला पोलीसपाटील लागत नाही.

"ही खूण दाखवली की जुडी," मंजुळा म्हणाली. "एक चकती, एक जुडी. भाव वाढूंदे नाय तर पडूंदे."

झालं. एवढंच. भाषण नाही, फळा नाही, फोटो तर नाहीच.

सोजराबाईंकडून ही गोष्ट चाळीत गेली, चाळीतून गल्लीत. बायकांनी वैशाखात पैसे दिले, चकत्या घेतल्या. पावसात एक चकती दिली की एक जुडी मिळायची, बाजारात भाव काहीही असो. पुढच्या वर्षी दुप्पट बायका आल्या. आणि मग ती गोष्ट झाली जी खंडेरावांच्या श्रमनोटीची कधी झाली नाही. चकती फिरायला लागली. एकीला पोराच्या वह्या घ्यायच्या होत्या, हातात रोख नव्हती, चकती होती. शेजारणीने ती घेतली. रिक्षावाल्या बबलूने भाड्यात घेतली. आणि मेहुल किराणावाला!

मेहुल कांदा-लसूणसुद्धा न खाणारा. मंजुळा दुकानावरून गेली तरी तो उदबत्ती लावायचा. त्याच्या गल्ल्यात खंडेरावांनी एक दिवस स्वतःच्या डोळ्यांनी चकत्या बघितल्या.

"मेहुलशेठ, हे काय? तुम्ही बोंबील खायला लागला?"

"अरे राम राम, काय बोलते काका!" मेहुलने कानाला हात लावले. "मी खाते कुठे? पण ज्याला खायचा आहे तो तर येते ना? चकती घेऊन साखर दिली, चकती देऊन दूधवाल्याचा हिशेब केला. नोटेचा काय? नोट पडून राहिली तर कमी होते. आ चकती तो पावसात वाढते!"

खंडेराव उभ्या उभ्या जळाले. 'नोट पडून राहिली तर कमी होते.' हे वाक्य त्यांचं होतं! फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं! मेहुल रोज समोरून जायचा, कधी मान वर केली नव्हती. आणि आता मासळीवालीकडून शिकून त्यांनाच शिकवत होता.

त्या दिवसापासून चावी कापताना त्यांचं लक्ष समोर. किती बायका आल्या, किती हसल्या. कोणी चकती दिली की मंजुळा ती डोळ्याजवळ नेऊन खूण बघायची, आणि टोपलीत टाकायची. तो टप्प असा आवाज खंडेरावांना मशीनच्या घरघरीतही ऐकू यायचा. बबलूने एकदा मुद्दाम चावीच्या पैशात चकती पुढे केली.

"चचा, मछली वाला सिक्का चलेगा?"

"चल नीघ! माझ्याकडे घामाचा पैसा चालतो."

"इसमें भी पसीना है चचा, बस थोड़ा बदबू ज्यादा है," म्हणाला आणि खो खो हसला. गेला तो दुसऱ्या चावीवाल्याकडे.

घरी तर कहर झाला. सोजराबाई दर महिन्याला पोस्टात थोडे पैसे टाकायच्या. एक दिवस खंडेरावांनी पासबुक मागितलं तर त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "पोस्टातलं काढलं मी."

"काढलं? कुठं ठिवलं?"

"मंजुळाकडं."

खंडेरावांचा घास हातात राहिला. "चकत्या घेतल्या?"

"मग? तुमीच म्हणता की, पोस्टातलं व्याज घेऊन बाजारात गेलं की भाव त्याच्याही पुढं गेलेला असतो. म्हणलं, ह्यांचं ऐकावं एकदा."

"माझं ऐकलंस तर माझ्या नोटा का न्हाई घेतल्या?"

सोजराबाईंनी कढई उपडी ठेवली आणि वळून बघितलं. "आवो, तुमच्या नोटंवर तुमी होता. तिच्या चकतीमागं बोंबील हाय. तुमाला काय कुणी शिजवून खाणार हाय का?"

शेजारच्या खोलीतून कोणीतरी खुदकन हसलं. पत्र्याच्या भिंती, सगळं ऐकू जातं.

तरी एवढ्यावर भागलं असतं. माणूस घरातला अपमान गिळतो. पण इंद्रजीत नावाचा एक तरुण पालघरहून मोबाईल आणि माईक घेऊन आला. बातम्यांचं छोटं चॅनेल चालवायचा. त्याला मंजुळाची गोष्ट हवी होती. बाजार गोळा झाला. खंडेरावांनी पटकन फळा पुसून त्यावर आपलं सगळ्यात धारदार वाक्य लिहिलं, फेटा सारखा केला, आणि गाडी मुद्दाम हातभर पुढे ढकलली, चित्रात यावी म्हणून.

"मावशी, ही कल्पना तुम्हाला कोणी शिकवली?" इंद्रजीतने विचारलं.

खंडेराव अर्धं पाऊल पुढे आले. आता म्हणेल. एवढी वर्षं समोर बसून ऐकतेय. आता नाव घेईल.

"कोणी नाय," मंजुळा म्हणाली. "जाळ्याला खूण असते, मी मासळीला केली."

"पण समोर हे काका तर रोज पैशावर लिहितात..."

मंजुळाने फळ्याकडे बघितलं आणि मोकळेपणाने हसली. "तो चावीवाला दादा होय? बोलतो बाबा, लय बोलतो. पण मला त्यातलं काय एक समजत नाय."

सगळा बाजार हसला. मेहुल हसला, बबलू तर टायरवर हात आपटून हसला. गर्दीत सोजराबाई होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेरावांनी गाडी लावली नाही. ते पालघरला गेले.

कोणत्या कचेरीत गेले ते सांगून उपयोग नाही, सगळ्या कचेऱ्यांत पंखा तसाच फिरतो. एक साहेब बसले होते. खंडेरावांनी सांगितलं, एक बाई चकत्या वाटते, लोक त्यावर सामान घेतात.

"कूपन असेल हो," साहेब फाईलमधून वर न बघता म्हणाले. "सोडा. मेसवालेसुद्धा देतात."

इथं खंडेराव उठून आले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण ते उठले नाहीत. अभ्यास होता ना! ते म्हणाले, "साहेब, कूपन दुकानात चालतं. हे दुकानाबाहेर चालतं. किराणा, रिक्षा, दूध. याला समांतर चलन म्हणतात."

साहेबांनी पेन ठेवलं. "काय म्हणालात?"

"समांतर चलन. पैसा काढायचा हक्क एकट्या सरकारचा. उद्या सगळ्यांनी असा पैसा काढला तर व्याजदर, धोरण, सगळंच कोलमडतं."

हे शब्द त्यांचेच. ज्या गोष्टीच्या विरुद्ध खडू झिजवला, तिची वकिली ते करत होते, आणि पाठ असल्यामुळे उत्तम करत होते. साहेबांनी चहा मागवला. "बसा ना. बरोबर आहे तुमचं. आज ही बाई प्रामाणिक असेल. उद्या एखादा माल नसताना चकत्या वाटेल आणि पळेल. मग लोक कोणाकडे येणार? आमच्याकडेच."

याचं उत्तर खंडेरावांकडे होतं. माल नसताना चकत्या वाटतो त्याला बाजार एका पावसात उघडा पाडतो. माल नसताना नोटा वाटतो त्याला विचारायची सोय नसते. दहा वेळा लिहिलं होतं हे. पण ते गप्प राहिले. "तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत," साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खंडेरावांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं, आणि तो नेमका सरकारी माणूस निघाला. ते चहा पिऊन, सही करून आले. वाटेत त्यांना हलकंही वाटलं.

पाऊस ऐन भरात असताना माणसं आली. ते साहेब, दोन कारकून, एक हवालदार. मंजुळाच्या टोपलीतल्या चकत्या ओतल्या, पंचनामा केला. हवालदाराने मोठ्याने सांगितलं, "यापुढे ही चकती दिसली तर देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर, दोघांवर कारवाई होणार!"

मंजुळा उठून उभी राहिली. "काय चोरलं मी? कोणाचं बुडवलं, दाखवा ना! हाय का कोण उभा?"

बुडालेलं कोणी पुढे आलं नाही. आणि जाताना साहेबांनी काय करावं? रस्ता ओलांडून खंडेरावांकडे आले, सगळ्या बाजारासमोर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "थँक्यू. तुमच्यामुळे कळलं."

हसणं नाही, शिवी नाही. बाजार नुसता बघत राहिला. तसं बघणं वाईट. सोजराबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्या वळून निघून गेल्या.

चकती आता गुन्हा झाली म्हटल्यावर बायका घाबरल्या. ज्या तिच्याकडे थोडं थोडं मागत होत्या त्या सगळ्या एकदम मागायला लागल्या. "आमचं काय गं मंजुळा?" "माझ्या सात हायत!" "माझं पोस्टातलं सगळं तुझ्याकडं हाय!"

"उद्या आणते," मंजुळा म्हणाली. "सगळ्यांचं आणते. रडू नका कोण."

आता खंडेरावांच्या मनातलं सांगतो, आणि हे सांगताना मला त्यांची कीव येत नाही. त्यांना वाटलं, आता फुटेल. एवढ्या चकत्यांएवढा माल हिच्याकडे असणारच नाही. कोणाकडे असतो? मोठमोठ्या बँकांकडे नसतो! सगळे एकदम दारात आले तर बँकेला शटर खाली ओढावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर येऊन बसले, प्लास्टिकखाली. देवाला म्हणाले, एक तरी चकती पोकळ निघू दे. एकच. म्हणजे ती आणि मी सारखे.

टेम्पो आला. ताडपत्रीखाली पोती. पुंडलिकही आला होता, तोंड आवळून. मंजुळा पावसात उभी राहिली आणि एकेकीची चकती घेऊन जुडी देत गेली. रांग मेहुलच्या दुकानापर्यंत. मेहुल स्वतः रांगेत, छत्री धरून, नाकाला रुमाल. त्याच्या वाट्याचा ढीग एवढा झाला की तो हात लावेना. "बबलू, उचल रे! तुला अर्ध्यात देते, पण माझ्यासमोरून ने!" बबलूने रिक्षाची मागची सीट भरली.

रांग संपली. कोणाची चकती उरली नाही. पोत्याच्या तळाशी दोन-चार जुड्या उरल्या, त्या पुंडलिकच्या घरच्या.

"एवढा माल खरंच होता तुझ्याकडे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

मंजुळा चिडली. "मंग? नसलेल्या मासळीची चकती कशी देऊ मी? येडी हाय का मी?"

खंडेरावांनी प्लास्टिक डोक्यावर आणखी खाली ओढलं.

पुढे व्हायचं तेच झालं. भाड्याच्या खोल्यांत बोंबलाचे ढीग लागले. वळचणीला टांगले, पंख्याला बांधले, देव्हाऱ्याखाली सुद्धा ठेवले. पत्रे गळत होते, भिंती घाम गाळत होत्या. थोड्याच दिवसांत जुड्या मऊ पडल्या, मग बुरशी, मग अळ्या. घरमालक शिव्या देत दारोदार फिरला. नागझरीच्या रस्त्याला लोकांनी ढीग नेऊन टाकला, कुत्र्यांनी फाडला. सोजराबाईंचं पोस्टातलं सगळं त्या ढिगात होतं. त्यांनी सुपात घेऊन एकेक बोंबील निवडला, चांगला किती निघतो बघायला. निघाला नाही.

"कुणाचं भलं झालं?" त्या म्हणाल्या. "मी विचारतेय, तिनं कुणाला बुडवलं न्हवतं, मंग वाचवलं कुणाला सरकारनं?"

हा प्रश्न खंडेरावांच्या फळ्यापेक्षा चांगला होता. तेही त्यांना लागलं.

ते पुन्हा पालघरला गेले, तक्रार मागे घ्यायला. तेच साहेब, या वेळी चहा नाही. "तक्रार तुमची होती, प्रकरण आमचं आहे," ते म्हणाले. "आता तुम्ही साक्षीदार. तारखेला यायचं."

तर तारखेला कचेरीबाहेरच्या बाकावर दोघंच. एका टोकाला मंजुळा, दुसऱ्या टोकाला खंडेराव. तिची दिवसाची विक्री बुडालेली, यांच्या चाव्या बुडालेल्या.

"दादा, तुमचा राग काय माझ्यावर?" शेवटी मंजुळाने विचारलं.

"राग न्हाई."

"मंग मी काय तुमच्या चावीत मासळी घातली?"

"न्हाई."

ती बाकावर त्यांच्याकडे वळली. मग सावकाश म्हणाली, "जळले तुमी. अवो, बोंबील तरी उन्हात ठेवल्यावर सुकतो. तुमी सावलीत बसून जळले!"

खंडेरावांना ते झोंबलं. उठून ओरडणार होते. आतून शिपायाने नाव पुकारलं, म्हणून ओरडायचं राहिलं. आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "समांतर चलन चालत होतं, हे तुमचं म्हणणं कायम आहे ना?"

"न्हाई," खंडेराव म्हणाले. "ती जुडीची खूण होती. समांतर चलन हा शब्द माझा. जळून बोललो."

"म्हणजे खोटी तक्रार?"

"चकत्या खऱ्या, तक्रार मत्सराची. काय लिहायचं ते लिवा."

साहेबांनी तोंड वाकडं केलं, सरकारचा वेळ घालवला म्हणून दोन शब्द सुनावले, आणि मंजुळाकडून पुन्हा चकती काढणार नाही असं लिहून घेऊन प्रकरण मिटवलं. बाहेर आल्यावर खंडेरावांना वाटलं, ती काहीतरी बोलेल. ती घिवलीच्या रिक्षात बसून गेली.

पुढच्या वैशाखात मंजुळा पुन्हा समोर येऊन बसली. चकती नाही. बायका पैसे द्यायच्या, ती तोंडाकडे नीट बघायची आणि म्हणायची, "बरं, बाय." बस्स. पावसात ती बाई आली की जुडी निघायची. सगळं तिच्या डोक्यात. नुसता चेहरा आणि शब्द, यावर पंचनामा कसला करणार? पण डोक्यात किती मावणार? पूर्वीच्या गर्दीतल्या मोजक्याच बायका आता उरल्या. नवीन कोणाला ती घेत नाही, मेहुललाही नाही, बबलूलाही नाही. सोजराबाईंना घेते.

खंडेराव एकदा गेले. पैसे पुढे केले, म्हणाले, "माझं ठिव. पावसात नेतो."

मंजुळाने नोट उजेडात धरून बघितली, कमरेला खोचली आणि लगेच जुडी हातात दिली. "तुमाला रोख, दादा. आताच न्या."

ज्यांनी जन्मभर नोटेविरुद्ध लिहिलं, त्या खंडेरावांचं आता नोटेशिवाय काही चालत नाही. पावसात वाढलेल्या भावाने घेतात. घरी ताटात सोजराबाईंच्या शब्दावर आलेली जुडी आणि त्यांच्या नोटेवर आलेली जुडी शेजारी शेजारी येते, चवीला एकच, आणि तरी ते बायकोच्या जुडीकडे असं बघतात की सोजराबाई ताट जरा आपल्याकडे ओढून घेतात. फळा अजून लिहितात. अक्षर तेच, धार तीच, खरंही तेवढंच. थांबून वाचणारे मात्र आता "बरोबर आहे काका" म्हणत नाहीत.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या बाजारात अशी एखादी बाई असेल, जिच्या शब्दावर लोक शिक्क्याशिवाय विश्वास ठेवतात, तर तिच्याकडून घ्या, तिला द्या, आणि तिचं नाव कुठेही सांगू नका. कचेरीत नाही, मोबाईलवर नाही, कौतुकानेसुद्धा नाही.

मलाही सांगू नका.